कोरडी गोधडी

"आते थंडी नई लागी राहिनी," फुई म्हणाली, आणि मला बरं वाटलं.

संध्याकाळ होत आली होती. आम्ही दोघी शेतातल्या राखणीच्या माळ्याखाली बसलो होतो, ती एका खांबाला टेकून आणि मी समोरच्या खांबाला. मधल्या जागेत गारांचा चिखल झाला होता. तिच्या अंगावर ओलं लुगडं आणि त्यावर ओलं गोणपाट. माझ्या अंगावर कोरडी गोधडी आणि त्यावर प्लास्टिक. दुपारपासून तिचे दात वाजत होते, इतके की वाऱ्यातही मला तो आवाज ऐकू येई. आता तो थांबला होता. मला वाटलं, चला, आली एकदाची अंगात ऊब. थोड्या वेळानं ती म्हणाली, "चूल विझाडी दे व. उकडी राहिनं." चूल कुठली! तिनं गोणपाट काढून बाजूला टाकलं आणि अंगावरचा पदर सोडायला लागली. फुईच्या डोक्यावरचा पदर मी कधी ढळलेला पाहिला नव्हता. ती उघड्या रानात लुगडं फेडायला लागली, तेव्हा मला कळलं की हे काही बरं नाही. कळूनही मी जागची हलले नाही.

फुई म्हणजे आत्या. आमच्याकडे बापाच्या बहिणीला फुई म्हणतात. ही आबांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच रांडाव होऊन परत आली आणि आमच्याच घरात राहिली. मी जन्मले तेव्हापासून तिला बघत आले ते एकाच रंगाच्या लुगड्यात. आमचं गाव चोपड्याच्या बाजूला, तापीच्या अंगाचं. घरात आबा, माय, मोठा भाऊ, मी आणि फुई. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, नंतर आबा म्हणाले, नाव लिहिता आलं, झालं. त्याचं मला तेव्हा काही वाईट वाटलं नाही. शाळेपेक्षा शेत बरं होतं.

फुईला घरात पक्की अशी जागा नव्हती. उन्हाळ्यात ती खळ्यात निजे, पावसात गोठ्याच्या कडेला, हिवाळ्यात ओसरीवर, आणि पाहुणे आले की जिथे फट सापडेल तिथे. त्यामुळे तिनं स्वतःची एक वळकटी केली होती. जुन्या लुगड्याची एक पातळ गोधडी, अंथरुणाहून लहान, एका माणसापुरती. तिच्यावर खताच्या गोणीच्या आतलं प्लास्टिक. तेव्हा खताच्या गोण्या नव्या नव्या आल्या होत्या. लोक आतली पिशवी फेकून देत, फुई ती नदीवर नेऊन वास जाईपर्यंत धूत असे आणि एका बाजूनं फाडून तिची चादर करी. त्यावर गोणपाट, आणि सगळं अंबाडीच्या दोरीनं आवळलेलं. आत मशेरीच्या रिकाम्या डबीत काडेपेटी आणि तेलात भिजवलेली कापसाची वात. गुळाचा एक खडा. शेतात जाताना, लग्नाला जाताना, दळायला जाताना, वळकटी काखेत. माय तिला टोचून बोले, "काय व अक्का, बिऱ्हाड लिसन कोठे चालनी?"

फुई म्हणायची, "तुना घरमा मनं बिऱ्हाड शे कोठे? हाईच बिऱ्हाड."

दोघींचं असं रोज चाले. भांडण नव्हे ते. चुलीसारखं होतं, पेटतं ठेवलं की घर चालू आहे असं वाटे. माय वाईट बाई नव्हती, हे मी इथेच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणाला तसं वाटेल. तिनं फुईला कधी उपाशी ठेवलं नाही. भरीत केलं की वांग्याचा भाजका वास सगळ्या गल्लीत जाई, आणि पहिली कळण्याची भाकरी ती फुईच्या ताटात टाकी, आबांच्याही आधी, कारण फुईला दात कमी आणि गार भाकरी तिला चावत नसे.

संक्रांत होऊन गेली होती. भाऊचा लग्नाआधीचा टिळा ठरला. मुलीकडची मंडळी आमच्याकडे येणार होती. आदल्या दिवसापासून घरात जातं, उखळ, बांगड्या, बायकांचं हसणं. अंगणात तीन दगडांवर खापर उपडं घातलं होतं, पुरणाचे मांडे भाजायला. मांडे करणं सोपं काम नाही. कणकेचा गोळा हातावर, कोपरापर्यंत झेलत झेलत एवढा मोठा करायचा की खाली बसलेल्या पोराला त्याच्यातून दिवा दिसला पाहिजे. असा मांडा आमच्या गल्लीत फुईलाच येई. पण त्या दिवशी खापरावर तिचा हात चालणार नव्हता. शुभकार्य. तिनं काय केलं, तर अंधारात उठली, डाळ शिजवली, पुरण वाटलं, कणीक तिंबून तिंबून लोण्यासारखी केली, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली, आणि उजाडताना हात धुऊन अंगणाबाहेर जाऊन उभी राहिली. पाहुण्यांच्या समोर यायचं नाही, एवढं तिला कोणाला सांगावं लागलं नाही.

मी तिच्याआधीच बाहेर होते. त्याच पहाटे मी बाजूला बसले होते. मला ते सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते, चौदा-पंधराची असेन. त्या दिवसांत घराच्या मागे पडवीत बसायचं, भाकरी वरून टाकतील ती झेलायची, कोणाला शिवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही, विस्तवाला तर नाहीच नाही. माय कपाळाला हात लावून म्हणाली, "आजच मुहूर्त सापडना तुले?" मग तिला एक युक्ती सुचली. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, भरली होती, पोपटांचे थवे पडत होते. घरात दोघीही नको आणि शेतात दोघीही हव्या. माय म्हणाली, "जा दोन्ही राखनले. पाहुणा गयात की धाडसू कोनले तरी." आम्ही निघालो तेव्हा मागे सनई नव्हती की काही नव्हतं, फक्त पहिला मांडा खापरावर पडल्याचा चर्र आवाज झाला. फुई थांबून ऐकत राहिली आणि म्हणाली, "जाड पडना." मग चालू लागली.

आमचं ते शेत गावापासून लांब, मधे एक नाला. एरवी त्यात घोट्याएवढं पाणी. काळी जमीन, डोक्याच्या वर गेलेली दादर, आणि मधोमध माळा: चार खांब, वर फळ्या, त्यावर कडब्याचं छप्पर. विटाळशीनं उभ्या पिकात फिरू नये म्हणतात, म्हणून फुईनं मला माळ्यावर चढवलं आणि सांगितलं की खाली उतरायचं नाही, बसून गोफण फिरव. ती स्वतः बांधाबांधानं हाकारे घालत फिरू लागली. तिची वळकटी तिनं माळ्याच्या खांबाला, माझ्या हातापासून जरा दूर टांगली. जाता जाता म्हणाली, "तिले हात लावू नको हां."

दुपारी ती आली, खाली बसून जेवली. माझी भाकरी तिनं वर टाकली, ती मी झेलली; ठेचा भाकरीवरच होता, तो माझ्या नाकाला लागला आणि दोघी हसलो. नाकाची आग आग होत होती. फुई म्हणाली, "घरमा पाहुणा पुरनपोळी खाई राहिनात, आनि आपला टिळा ठेचाना लागना." ते तिचं हसणं मला नीट आठवतं. त्यानंतर ती शेताच्या पार टोकाला गेली, तिकडे पाखरं जास्त होती.

आभाळ उत्तरेकडून, सातपुड्याच्या बाजूनं काळं झालं. आधी वारा आला, गार, जसा विहिरीतून येतो तसा. मग टपोरे थेंब, आणि लगेच गारा. लिंबाएवढ्या होत्या. दादरीवर पडताना असा आवाज होत होता की जणू हजार माणसं एकदम कडबा तोडतायत. मी छपराखाली होते. खांबाला वळकटी होती. फुई शेताच्या टोकाला, आणि तिच्या डोक्यावर नुसता पदर. मी वळकटी घेऊन तिच्याकडे पळत जाऊ शकत होते. निदान तिच्यातलं गोणपाट घेऊन. मी तसं केलं नाही. मी हात लावला असता तर वळकटी बाटली असती, मग ती तिच्या कामाची राहिली नसती. हा विचार मला तेव्हा अगदी बरोबर वाटला. मी ओरडत राहिले, "फुई, ये व, लवकर ये!" आणि ती आडवी पडत चाललेल्या दादरीतून हातांनी डोकं झाकून येत होती.

ती आली तेव्हा चिंब झाली होती, कपाळावर गार लागून टेंगूळ आलं होतं. तेवढ्यात वाऱ्यानं छपराचा कडबा उचलून नेला. मी खाली उतरले आणि दोघी फळ्यांच्या खाली शिरलो. फुईनं वळकटी सोडली. तिनं एकदा गोधडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. गोधडी एकच. मी त्या दिवसांतली. मी पांघरली की ती तिला परत घेता येणार नाही, आणि तिनं पांघरली तर तिच्या ओल्या लुगड्यानं ती भिजून जाणार. आणि आणखी एक गोष्ट तिच्या मनात होती, जी आमच्याकडच्या सगळ्या बायकांच्या मनात असते: अशा दिवसांत पोरीला गारठा लागला तर कूस गारठते, मग पुढे मूल होत नाही. तिला स्वतःला मूल नव्हतं. तिनं गोधडी माझ्याकडे फेकली, मागोमाग प्लास्टिक फेकलं.

"तू कोरडी ऱ्हाय," ती म्हणाली. "मनं काय, जुनं हाड शे."

गोणपाटाची खोळ करून तिनं डोक्यावरून घेतली. गोणपाट पाऊस अडवतं, पण आतून आधीच भिजलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग. मग तिनं विस्तवाचं मनावर घेतलं. खांबाच्या आडोशाला फळ्यांखालचा थोडा कोरडा कडबा ओढला, वात मधे ठेवली, डबी उघडली. काड्या कोरड्या होत्या. पण तिची बोटं तिचं ऐकत नव्हती. पहिली काडी मोडली. दुसरी पेटली आणि वाऱ्यानं गेली. मग काड्या हातातून गळायला लागल्या, एकेक करून गारांच्या पाण्यात. मी समोर बसून बघत होते. माझे हात कोरडे होते, उबदार होते. दोन काड्यांत मी तो कडबा पेटवला असता. पण विस्तवाला शिवायचं नाही, अग्नी देव आहे. मी तिला नुसतं सांगत राहिले, "फुई, वाऱ्याकडे पाठ कर. फुई, डबी जवळ धर." तिनं एकदा वैतागून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुना तोंडनी काडी पेटती तं बरं व्हतं." शेवटी पेटीच पाण्यात पडली.

पाऊस चालूच होता, बारीक, आणि वारा. घरी जायचं म्हटलं तर काळ्या जमिनीत पाऊल टाकलं की पिंढरीपर्यंत आत. नाल्याचा आवाज इथवर येत होता. म्हणजे तिकडून कोणी येणार नाही, हे दोघींना कळलं. फुईनं गुळाचा खडा दातानं तोडला, अर्धा माझ्याकडे टाकला. तिचा अर्धा तिच्या तोंडात बराच वेळ तसाच होता, तो चावण्याइतकेही दात तिला आवरत नव्हते.

मग तिनं एक प्रश्न विचारला. "कोरडी शे का व ती गोधडी?"

मी म्हटलं, "हो. अगदी कोरडी."

"बरं," ती म्हणाली.

तिनं विचारलं, मी उत्तर दिलं. एवढंच झालं. मी प्लास्टिकच्या कडा आणखी आत ओढून घेतल्या. खरं सांगायचं तर रीतभात एका बाजूला आणि ऊब एका बाजूला. आत माझ्याच श्वासानं गरम झालं होतं, गोधडीला फुईच्याच अंगाचा, मशेरीचा वास होता, आणि मला तिथून हलवत नव्हतं. नुसत्या विटाळाच्या भीतीनं मी बसून राहिले असं मी लोकांना सांगत आले. निम्मं खरं आहे ते.

तर मग ती लुगडं फेडायला लागली. मी आधी बसल्या जागेवरून ओरडले, "फुई, काय करतेस, सावर!" ती माझ्याकडे बघून हसली आणि मला मायच्या नावानं हाक मारली. तिची जीभ जड झाली होती, तोंडात घास असल्यासारखी. मग ती एका अंगावर कलली आणि तशीच राहिली. तेव्हा कुठे मी उठले.

मी तिला धरलं तेव्हा माझ्या हाताला माणसाचा हात लागत नव्हता, नाल्यातला दगड लागत होता. तिनं डोळे उघडले, मला ढकललं. "शिवू नको, शिवू नको माले." तिच्या ढकलण्यात जोर नव्हता. लुगड्याच्या गाठी पाण्यानं फुगल्या होत्या, मी त्या दातांनी सोडल्या. तिला उघडं केलं. इतकं हडकलेलं अंग होतं ते, रोज काष्टा मारलेल्या बाईचं अंग इतकं लहान असेल असं मला वाटलं नव्हतं. गोधडी तिच्याभोवती गुंडाळली, खाली कडबा सारला, आणि मी तिला कवटाळून आत शिरले, वरून प्लास्टिक. तिची पाठ माझ्या छातीशी. माझ्या अंगातली ऊब कोणी सांडशीनं ओढून घ्यावी तशी जाऊ लागली. मी तिच्या हातांवर फुंकत होते, काखेत धरत होते. कितीतरी वेळ ती ओंडक्यासारखी होती.

आणि मग ती पुन्हा कापायला लागली. आधी बारीक, मग सगळं अंग हालेल अशी. दात वाजू लागले. ती कण्हू लागली. मी घाबरले. मघाशी ती शांत होती, उकडतंय म्हणत होती. मी शिवले आणि तिला हिव भरलं. माझ्या डोक्यात एकच आलं, विटाळ लागला. माझ्यामुळे झालं हे. मी गोधडीतून बाहेर आले, हात वर करून चार पावलं मागे सरले आणि चिखलात उभी राहून देवाची माफी मागत राहिले. ती एकटी कापत होती, आणि मी तिला बघत होते.

माझी नात पुण्याला असते. डोंगर चढायला जाते, हिमालयातही जाऊन आली. मागच्या हिवाळ्यात आली तेव्हा तिच्या पिशवीतून एक मुठीएवढी पुडी काढून तिनं मला दाखवली. उलगडली तर चंदेरी कागदाची चादर, आख्खा माणूस मावेल एवढी, भेळेच्या पुड्यासारखा चुरचुर आवाज करणारी. दुसरी एक पिशवी होती केशरी रंगाची, गोणपाटासारखी, आत शिरून बसायची. मी म्हटलं, आमच्या फुईकडे हेच होतं, खताच्या गोणीचं. ती खूश झाली. जेवता जेवता मला सांगायला लागली की डोंगरात कोणी ओलं होऊन गारठलं तर काय करायचं. ओले कपडे काढायचे. कोरड्या पांघरुणात त्याच्यासोबत आपणही शिरायचं, अंगाला अंग लावून. आणि आजी, कापत असतो तोवर माणूस लढत असतो. कापायचं थांबला आणि गरम होतंय म्हणाला, की समजायचं हातातून चाललाय. आणि पुन्हा कापायला लागला तर? मी विचारलं. ती म्हणाली, मग तर फारच चांगलं, अंग परत जागं झालं, तेव्हा तर अजिबात सोडायचं नाही.

मी उठले आणि भांडी घासायला घेतली. ती म्हणाली, "आजी, मी घासते ना." मी म्हटलं, "तू जेव." तिला काय सांगणार. तिच्याहून लहान होते, पण तिच्याइतकीच हुशार होते.

दिवेलागणीला नाल्याचं पाणी उतरलं. आबा आणि भाऊ कंदील घेऊन आले. लांबूनच आबांचा आवाज, "अक्का! ओ अक्का!" भाऊच्या अंगावर नवं धोतर, कपाळावर कुंकवाचा टिळा, त्यावर अक्षता चिकटलेल्या. मी म्हटलं, "आबा, मी तिला शिवले." भाऊनं टिळ्याच्या नव्या कपड्यानिशी तिला पाठीवर घेतलं, मी आणि आबा मागून. नाल्यातून जाताना तिचे पाय पाण्यात ओढत होते. मी हातभर अंतर ठेवून चालत होते. ते पाय मी वर उचलून धरले नाहीत.

घरी पाहुणे अजून होते, पावसानं अडकलेले. पुढच्या दारात कंदील, माणसं, विड्यांचा वास. माय मागच्या दारानं धावत आली. फुईला बघून तिच्या तोंडून "माय व" एवढंच निघालं. मग तिनं मला विचारलं, "तू शिवनी का तिले?"

मी म्हटलं, "हो."

मी नाही म्हणू शकत होते. आबा काही बोलले नसते. भाऊलाही तोंड उघडायचं कारण नव्हतं. पण खोटं बोलायचं नाही असं मला फुईनंच शिकवलं होतं, आणि एवढा विटाळ झाल्यावर आणखी एक पाप कशाला, असं वाटलं. मी हो म्हटलं, म्हणून मायला तिला तसंच घरात घेता येईना. घरात देवासमोर टिळ्याचा कलश होता, मुलीकडची मंडळी होती. मायनं तिला मागच्या न्हाणीत नेलं. न्हाणीला छप्पर नव्हतं, चार तट्ट्या तेवढ्या. मायनं गरम पाणीच घातलं, थंड नाही. डोक्यावरून घातलं, हळद लावून अंग चोळलं, आणि चोळताना ती रडत होती. तट्ट्यांमधून वारा येत होता. फुईचे केस ओले झाले, ते लवकर वाळले नाहीत. मी पडवीत बसून बंबाचं पाणी किती तांबे ओतलं जातंय ते ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी तिला ताप चढला आणि छाती वाजायला लागली. वैद्य आला, काढा दिला. चोपड्याहून डॉक्टर आणला, त्यानं सुई टोचली. मी पडवीतच होते. माझे दिवस संपायचे होते. मधलं दार उघडं ठेवायला मी मायला सांगितलं होतं, तेवढं तिनं ऐकलं. फुई एकदा शुद्धीत होती तेव्हा तिनं विचारलं, "दादर गयी का?"

मी दारातून म्हटलं, "गेली फुई. सगळी झोपली."

"मंग बरं झायं," ती म्हणाली. "आते राखनले जानं नई पडाव." आणि हसली, आणि हसता हसता खोकली.

माझी डोक्यावरून अंघोळ झाली त्या दिवशी मी आत जाऊन तिच्या पायाशी बसले. तिनं मला ओळखलं की नाही, मला माहीत नाही. मी तिचे पाय मांडीवर घेतले, चोळले. आता शिवायला काही हरकत नव्हती. त्या रात्री ती गेली.

सुतक पडलं म्हणून भाऊचं लग्न पुढे गेलं. दहाव्याला जमलेल्या बायकांना माय सांगत होती, "पोरीना विटाळ लागना, दुसरं काय." ती मला दोष देत नव्हती. ती जे झालं असं तिला वाटत होतं ते सांगत होती, माझ्या पाठीवर हात ठेवून. मी ते मानलं. लग्न झालं, चार पोरं झाली. कूस गारठली नव्हती. प्रत्येक बाळंतपणात मला वाटे की हे फुईच्या गोधडीवर झालेलं आहे आणि मी ते तिला शिवून फेडलं. महिन्याच्या त्या दिवसांत मी माझ्या पोरांनाही जवळ येऊ दिलं नाही. थोरल्याला एकदा फेफरं आलं तरी शेजारणीला हाक मारली, स्वतः उचललं नाही. सासरचे म्हणत, सून फार कडक आहे. कडक कसली, भीत होते.

माझे केस पिकले, रक्त थांबलं, तरी मी शिवल्यानं ती गेली हे माझ्यापाशी पक्कं होतं. आता नातीनं सांगितल्यापासून मला ते धरता येत नाही. शिवल्यानं नाही गेली. उशिरा शिवले, आणि शिवून सोडलं, त्यानं गेली असेल. का न्हाणीतल्या वाऱ्यानं गेली असेल. चोपड्याच्या त्या डॉक्टरालाही ते सांगता आलं नसतं. नात म्हणाली असती, आजी, तू लहान होतीस. म्हणूनच मी तिला सांगितलेलं नाही. ते ऐकून घ्यायची माझी इच्छा नाही.

त्या गारपिटीत आमच्या गावची बैलं मेली, बकऱ्या मेल्या, माणूस मात्र एकच गेलं. शेतात आम्ही दोघी होतो. मी जगले.